सोडलेली, टाकलेली

आमच्या धाकटीचं, कुसाबाईचं, लग्न झालं ते साल एकोणीसशे चौतीस. लग्न वैशाखात झालं आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी नाशकात रविवार कारंज्यावर एका बाईनं मला माझाच शब्द परत दिला. सकाळची वेळ. मी मोगऱ्याची पाटी पुढ्यात घेऊन बसलो होतो आणि शेजारी माझी थोरली, सरू, तगरीचे हार ओवत होती. दोन बायका आल्या. एक रोजची, दुसरी बाहेरगावची पाहुणी असावी. पाहुणीनं सरूकडे पाहून विचारलं, ही कोण. रोजचीनं ओंजळभर मोगरा नाकाशी नेला, वास घेतला, आणि अगदी सहज म्हणाली, "ही ना? ही ह्यांची टाकलेली." आवाज खाली आणला नाही. जशी एखादी थोरली असते, एखादी धाकटी असते, तशी ही टाकलेली. सरूची सुई थांबली नाही. पुढचं फूल, त्याच्या पुढचं फूल. मी त्या बाईला मोगरा बांधून दिला, पानाला दोरा गुंडाळला, आणि तिची पाठ फिरल्यावर मला कळलं की मी दात इतके आवळले होते की कानाखाली दुखत होतं. भाकरीत खडा यावा आणि चारचौघांत थुंकता येऊ नये, तसं काहीतरी तोंडात राहिलं. त्या बाईचा राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. शब्द तिचा नव्हताच. तो मी केला होता, मी कागदावर ठेवला होता, मी वाचून दाखवला होता, आणि आता तो मोगऱ्याबरोबर फुकट मिळत होता.

त्याआधी सरूला लोक वेगवेगळं म्हणत. माहेरी आलेली. माहेरीच राहिलेली. माझी बायको नवसाबाई 'आमची सरू इकडंच असती' एवढंच म्हणे आणि पुढं बोलणं भाजीकडे वळवी. माझा चुलतभाऊ 'धाडलेली' म्हणायचा, जणू कुणी निरोप धाडावा. शेजारीण 'सोडलेली' म्हणायची. हे सगळे शब्द मी ऐकत होतो आणि प्रत्येकाचा मला वेगळा राग येत होता, कारण त्यातला एकही मी पाहिलेल्या गोष्टीला पुरत नव्हता. मी काय पाहिलं होतं? एकतीस सालचा पौष. मखमलाबादच्या वाटेवर आमचा मळा आहे, त्याच्या बांधाशी सायखेड्याची बैलगाडी थांबली. जावई मंगळू गाडी हाकत होता. सरू मागं बसली होती. तो उतरला नाही. त्यानं तिची पत्र्याची पेटी पायानं ढकलली. ती शेवंतीच्या वाफ्यात पडली, झाकण उघडलं, आणि तिची लुगडी फुलांवर पसरली. मग त्यानं सरूकडे मान करून बोट दाखवलं, खाली. ती उतरली. बैल वळवताना चाक वाफ्यातून गेलं. मी मोट हाकत होतो. मोट सोडून धावलो तोवर गाडी वाटेला लागली होती. मोडलेल्या शेवंतीला एक कडवट वास येतो. तो वास आला की आजही माझ्या पायांना धावण्याची घाई होते.

अक्षर मी बावन्नाव्या वर्षी शिकलो. नजीर पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचा. फुलं विकून झाली की दुपारी मी त्याच्याजवळ जाऊन बसायचो, सावलीसाठी. तो खडूनं आधी अक्षराचा सांगाडा काढी, मग त्यात रंग भरी. हातभर उंचीचा 'क' पाहिल्यावर तो विसरता येत नाही. माझी बाराखडी अशी भिंतीएवढी आहे, लहान अक्षर मला अजून अडखळतं. नजीर माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण बोलणं म्हाताऱ्याचं. एकदा एका न्हाव्यानं पाटी सांगितली, 'केशकर्तनालय'. मी विचारलं, अरे, न्हाव्याचं दुकान म्हटलं तर काय बिघडतं, केस तेच, वस्तरा तोच. नजीर ब्रश धुता धुता म्हणाला, "चाचा, दुकान में केस काटते. आलय में साहेब बसतो. लफ्ज गिऱ्हाईक पसंद करता, रंग अपना." मग खानावळीवाल्यानं 'उपाहारगृह' लिहून घेतलं, मिठाईवाल्यानं 'भांडार'. ज्याला जसं दिसायचं असेल तसा तो शब्द अंगावर घाली. मला त्याचं हसू यायचं. मला वाटे, ही शहरातल्या माणसांची थेरं. मळ्यात एका वस्तूला एकच नाव असतं. हे खोटं होतं. मीच सकाळी गिऱ्हाइकाला कालच्या फुलांबद्दल 'जरा मलूल झालीत' म्हणत असे आणि घरी त्याच फुलांना 'मेली' म्हणून गुरांपुढं टाकत असे. पण हे मला तेव्हा दिसलं नव्हतं. मला अक्षर आलं होतं, आणि अक्षर आलेल्या माणसाला वाटतं की आपल्याला शब्द आला.

आमच्या माळ्यांत चाल अशी, की नवऱ्याला बायको नको असली तर पंच बसतात, नवरा त्यांच्यासमोर काडी मोडतो, आणि बाई मोकळी होते. मग तिचा कुणाशी पाट लावता येतो, नवा संसार होतो, तिला कुणी नावं ठेवत नाही. मंगळू पंचांपुढं आलाच नाही. त्याचा भाऊ आला, उभ्या उभ्या म्हणाला, तुमची पोर तुमच्याकडंच ठेवा, आणि गेला. तो बत्तीस सालचा चैत्र. पाच पंच खंडोबाच्या पारावर बसले होते. सगळ्यांत मोठे गंगाजी आबा. ते म्हणाले, काडी मोडली नसली तरी बोलला तेवढं पुरे, सोडली असं समजू. मग त्यांच्या मनात आलं की पुंजारामला, म्हणजे मला, लिहिता येतं, तर कागद करून ठेवावा. आमच्या पंचांचा तो पहिलाच कागद. तोवर सगळं पाच तोंडांत असे. तोंडातला शब्द मऊ असतो. आज एक म्हणाला सोडली, उद्या दुसरा म्हणाला टाकली, परवा तिसरा म्हणाला नांदत नाही, तरी सगळ्यांना कळे की पोर मोकळी आहे. गरज पडेल तसा तो वाकत असे. कागदाची कुणालाच सवय नव्हती, मलाही नव्हती.

मी बोरू शाईत बुडवला. सरूच्या सासरचं नाव लिहिलं, मंगळूचं लिहिलं, सायखेडा लिहिलं. 'त्याने आपली बायको सरुबाई हिला' इथपर्यंत आलो आणि थांबलो. आबांचा शब्द 'सोडली' होता. तो माझ्या कानात होता. पण सोडणं म्हणजे काय? गाय सोडतात दाव्यातून, पाणी सोडतात पाटात, जीव अडकलेला माणूस हात सोडतो आणि रडतो. सोडणाऱ्याच्या हातात काहीतरी होतं, आणि त्यानं ते उघडलं, असं वाटतं. मंगळूच्या हातात कासरा होता. मला पेटीचं झाकण दिसलं, फुलांवरची लुगडी दिसली, ते बोट दिसलं. माझ्या छातीत इतका जाळ होता की 'सोडली' लिहिणं म्हणजे त्याच्या खांद्यावर हात ठेवण्यासारखं वाटलं. मला असा शब्द हवा होता की तो वाचणाऱ्यानं मंगळूवर थुंकावं. मी लिहिलं, 'टाकली'. अक्षरं मोठी आली, नजीरच्या पाटीसारखी. मग मी कागद मोठ्यानं वाचून दाखवला. पंचांनी माना हलवल्या. एकजण म्हणाला, झकास लिहिलंय. पाच अंगठे उठले. मला त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की मी कुणाला तरी मारलं आणि माझ्या हाताला लागलं नाही.

कारंज्यावरच्या त्या सकाळनंतर महिन्याभरानं बहिरू आला. विंचूरचा, कांद्याची शेती, बायको दोन वर्षांपूर्वी तापानं गेलेली. चाळीस-बेचाळीसचा असेल. डाव्या हाताची करंगळी अर्धी. तो मधल्या माणसाला न पाठवता स्वतःच आला, आणि मळ्यात यायचं सोडून कारंज्यावर माझ्या पाटीजवळ उकिडवा बसला. सरूकडे त्यानं नीट पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे पाहत म्हणाला की पाटाचं विचारायला आलो आहे, घरात कांदा आहे, दाणा आहे, बोलायला माणूस नाही. सरू हार ओवत होती. तिनं दोरा तोडला, गाठ मारली, आणि मान न उचलता म्हणाली, "बा, त्यांना इचारा, लय बोलायचं असतं का थोडं." बहिरू हसला. मी तीन वर्षांत सरूच्या तोंडून थट्टा ऐकली नव्हती. त्या दिवशी घरी जाताना ती माझ्या पुढं चालत होती, पाटी डोक्यावर, आणि तिचे पाय मला लहानपणीचे वाटले.

मग विंचूरच्या पंचांनी कागद मागवला. त्यांच्यात एकजण मराठी सातवी झालेला. त्यानं वाचला आणि निरोप धाडला: कागदात टाकली आहे, सोडली नाही. टाकलेली बाई नवऱ्याचीच राहते. नवऱ्यानं काडी मोडावी, नाहीतर आमच्या पोराच्या घरात दुसऱ्याची बायको येईल. मी तो निरोप नजीरकडे नेला. कशासाठी नेला, ठाऊक नाही. त्यानं पाटी रंगवता रंगवता ऐकलं आणि हातातलं अक्षर पुरं केलं. मग म्हणाला, "चाचा, मैं गलत लिखूं तो पुसता येतं. टर्पेंटाइन है." मला त्याचा संताप आला. मी उठून आलो आणि पुढं दोन महिने त्याच्या सावलीला बसलो नाही.

दसरा झाल्यावर मी सायखेड्याला गेलो. खेरवाडीपर्यंत रेल्वेनं, पुढं पायी. वाटभर मी एकच गोष्ट घोकत होतो की तोंड गोड ठेवायचं. मंगळू ओट्यावर बसला होता, अंग सुटलेलं, घरात दुसरी बाई वावरत होती. त्यानं मला मामा म्हटलं. पाणी मागवलं. पाणी त्या बाईनं आणलं, तेही मी प्यालो. मी म्हणालो, झालं ते झालं, पोरीचं आयुष्य आहे, पंचांसमोर ये आणि काडी मोड. तो ऐकत होता. मग त्यानं विचारलं, कागदावर काय लिहिलंय म्हणे.

मी रिकामा तांब्या ओट्यावर ठेवला.

"सांगा की मामा. तुमाला वाचता येतंय. साऱ्या नाशकाला वाचून दावलं. मी टाकणारा. निफाडच्या बाजारात मला लोक इचारतात, टाकली का रं बायको, उकिरड्यावर टाकली का गावकुसाबाहेर."

"टाकलीसच तू," मी म्हणालो. तोंड गोड ठेवायचं होतं.

"मंग टाकली तर टाकली. माझ्या उकिरड्यावर टाकलेलं माझंच ऱ्हातं, मामा. त्याचं खत माझ्या रानात जातं. सोडलेलं जनावर कुणीबी नेऊन बांधावं. म्या काय सोडलं नाय."

तो हे ओरडून बोलला नाही. पण बोलताना त्याच्या गालाचं कातडं थरथरत होतं, आणि ते पाहून मला जे झालं ते मी कुणालाच सांगितलं नाही. मला आनंद झाला. शब्द लागला होता. दोन वर्षं हा माणूस बाजारात जाताना माझा शब्द अंगावर घेऊन जात होता, मिशी खाली ठेवून. मी उठलो, धोतर झटकलं, आणि खेरवाडीची वाट धरली ती जणू काही जिंकून आल्यासारखी. मळे लागत होते, उसाला पाणी दिल्याचा ओला वास येत होता, मी भराभर चालत होतो. स्टेशनच्या बाकावर बसल्यावर, गाडी यायला तासभर अवकाश असताना, माझ्या लक्षात आलं की मी कशासाठी गेलो होतो.

कार्तिकात आमचे पंच आणि विंचूरचे पंच पुन्हा पारावर बसले. गंगाजी आबांनी वाट आधीच काढून ठेवली होती. सकाळी मळ्यात येऊन त्यांनी मला समजावलं होतं. म्हणाले, पुंजा, आम्ही पाचजण सांगतो की मंगळूच्या भावाचं बोलणं सोडल्याचंच होतं. राहिला कागद. तू फक्त म्हण की सोडली लिहायचं होतं, हात चुकला. विंचूरकर तेवढं मानायला तयार आहेत. पोरगी सुटते. मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं. नवसाबाईनं सरूचं एकुलतं एक चांगलं लुगडं काढलं. ती आणि सरू बाकी बायकांबरोबर पाराच्या मागं, निंबाखाली बसल्या. बहिरू पुरुषांत बसला होता, अर्धी करंगळी दुसऱ्या मुठीत धरून.

कागद मधे ठेवला होता, वर दगड. आबा म्हणाले, बोल पुंजा. मी तोंड उघडलं. 'हात' हा शब्द ओठांपर्यंत आला. तेवढ्यात बहिरूचा मामा, जाडा, हसरा माणूस, सगळ्यांना सोपं व्हावं म्हणून मला मदत करायला पुढं झाला. म्हणाला, "अहो, म्हातारपणी शिकल्यालं अक्षर ते. न्हाव्यानं नांगर धरावा तसं. चुकायचंच." सगळे हसले. वाईट हसले नाहीत. आबाही हसले. मोकळं झाल्यासारखं हसले, काम झालंच म्हणून. मला भिंतीएवढा 'क' दिसला. तीन वर्षं दुपारी नजीरजवळ बसून एकेक अक्षर मी डोळ्यांनी उचललं होतं. गाडीच्या चाकाखाली मोडलेली शेवंती मी पाहिली होती, ह्यांतल्या एकानंही पाहिली नव्हती. आणि आता ह्यांना ते सगळं म्हाताऱ्याच्या थरथरत्या हाताचं करून टाकायचं होतं. मंगळूनं काही केलं नाही, हात माझा चुकला.

"हात चुकला नाय, आबा," मी म्हणालो. "त्यानं टाकली. म्या पाहिली. म्या तेच लिवलं."

निंबाखाली कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या. आबा माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, ते पुन्हा विचारतील, आणि पुन्हा विचारलं तर मी कदाचित दुसरं म्हणेन. त्यांनी विचारलं नाही. विंचूरच्या सातवी झालेल्या माणसानं दगड उचलला, कागद घडी केला, आबांच्या हातात दिला. बहिरू उठला. जाताना तो निंबाकडे वळला नाही, माझ्याकडे वळला, आणि काहीतरी बोलावं असं त्याच्या तोंडावर आलं होतं. मग त्यानं वहाणा घातल्या आणि तो निघाला.

खरं बोललो, असं मी स्वतःला त्या रात्री सांगितलं आणि पुढं किती तरी दिवस सांगत राहिलो. खरंच होतं ते. सोडली हा शब्द सोयीचा होता, टाकली खरा होता. पण खरा शब्द मी खरेपणासाठी निवडला नव्हता. पहिल्यांदा निवडला तो मंगळूला लागावा म्हणून, दुसऱ्यांदा धरून ठेवला तो मला लागलं म्हणून. माणसं शब्द निवडतात ती दोन शब्दांतला फरक पाहून नव्हे, असं मला आता वाटतं. तोंडासमोर कोण बसलं आहे ते पाहतात, आणि आपण त्याच्यापुढं केवढे दिसतो ते पाहतात. फरक मागाहून भोगावा लागतो, आणि तो दुसऱ्याच कुणाला भोगावा लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी झेंडू तोडताना सरू माझ्या ओळीच्या पलीकडच्या ओळीत होती. दव पडलं होतं, दोघांचे हात ओले. टोपली भरल्यावर ती उभी राहिली.

"बा, त्यानं मला एकदा टाकली," ती म्हणाली. "तुमी दोनदा."

मी तिला सांगू लागलो की तुझीच बाजू घेतली, तुझ्यावर काय गुदरलं ते मीच एकट्यानं पाहिलं. ती म्हणाली, मलाच झालं ते मला ठावं नाय का. मला सोडलेली म्हनवून घ्यायचं होतं. खोटं तर खोटं. माझं होतं ना. मग टोपली डोक्यावर घेऊन ती विहिरीकडे गेली. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलली: पाटी उचला, दोरा संपला, जेवण वाढलंय. 'बा' म्हणायची बंद झाली. हाक मारायची वेळ आली की ती समोर येऊन उभी राही. नवसाबाईनं माझं अंथरूण ओसरीवर घातलं आणि ते तिथंच राहिलं. मी भांडायचा प्रयत्न केला. एकदा सरूच्या हातचा हार तोडून फेकला, गाठी सैल आहेत म्हणून. तिनं फुलं वेचली आणि पुन्हा ओवली. बहिरूनं पुढच्या वैशाखात निफाडकडच्या एका विधवेशी पाट लावला. ही बातमी मला कारंज्यावर एका कांदेवाल्यानं सांगितली, सरू शेजारीच होती.

मंगळू मेल्याची खबर घेऊन त्याचा भाऊ आला. पटकीची साथ नदीकाठच्या गावांतून फिरत होती. भाऊ मळ्याच्या बांधाशीच उभा राहिला आणि म्हणाला, कागद तुमचाच हाय, पोर आमचीच ऱ्हाते, नेम पाळा. त्याच्याबरोबर त्यांच्याकडच्या तीन बायका आल्या होत्या. आमच्या आळीतल्या चारजणी जमल्या. ज्या माणसानं तिला पेटीसकट वाफ्यात टाकलं होतं, त्याच्या नावानं माझ्या अंगणात रडणं सुरू झालं. सरू रडली नाही. ती पाट्यासमोर बसली आणि तिनं आपणहून दोन्ही हात दगडावर ठेवले, मनगटं वर करून. हिरव्या बांगड्या होत्या. एका बाईनं वरवंटा उचलला. सरूनं एकदा माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत शिव्या नव्हत्या, रडणंही नव्हतं. कुणाचा पत्ता विचारायचा आणि विचारायच्या आधीच हा माणूस सांगणार नाही हे कळावं, तसं पाहिलं. काचेचा तुकडा उडून तिच्या मनगटात घुसला. मी पुढं झालो. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या."

मंगळू सायखेड्यात एकोणीसशे छत्तीसच्या भाद्रपदात पटकीनं मेला. सरू त्याची विधवा म्हणून आमच्या मळ्यात दीड वर्ष जगली आणि एकोणीसशे अडतीसच्या माघात, तीन दिवसांच्या तापानं, वारली.